बिनतुपाचं कढण

शिवकन्यानं वाटी ओठाला लावली, एक घोट तोंडात घोळवला आणि वाटी खाली ठेवली. कढणात तूप होतं.

वर तवंग दिसू नये म्हणून ते चांगलं घोटून मिसळलेलं होतं. काल तिला शंका आली होती. कालचं कढण जरा चवदार लागलं तेव्हा तिला वाटलं, भूक फार झाली असेल. आज खात्री झाली. एक हात भिंतीला, एक गुडघ्याला देऊन ती उठली, मोरीपाशी गेली आणि वाटी उपडी केली.

"अगं माय! काहून सांडलीस?" मागच्या अंगणातल्या दगडांच्या चुलीपुढून पार्वतीबाईंनी हाक घातली.

"मावशी, ह्याच्यात तूप कुणी टाकलं?"

"कुणी म्हंजे? म्या टाकलं. चमचाभर तर टाकलं. काल बी टाकलं व्हतं."

"काल बी?"

"मग काय करू? माझी बहीण गेली तवापासून तुझ्या पोटात भाकरीचा तुकडा न्हाई. नुसतं डाळीचं पाणी पिऊन राहिलीस. उद्या तुला काही झालं तर कौसीला काय तोंड दाखवू मी वर गेल्यावर?"

"मी तुम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, तूप नको, मीठ-हळद एवढंच."

"ते तर सुतकात समदेच म्हणतेत."

शिवकन्याला इतका राग आला की तिच्या कानात गरम वाफ शिरल्यासारखं झालं. समोर बसलेली ही किडकिडीत, कष्टानं वाळलेली बाई, आईची सख्खी बहीण, तिच्या हातात अजून तुपाची वाटी होती आणि डोळ्यांत पाणी होतं. तिच्यावर ओरडायचं तरी कसं? आणि ओरडायचं नाही तर या रागाचं करायचं काय?

"मावशी, मी मायसाठी उपास नाही धरलेला," ती म्हणाली. आवाज हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. "माझं ऑपरेशन आहे नांदेडला. वजनाचं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी भरती व्हायचंय. त्याच्या आधी दोन आठवडे हेच प्यायचं, असं डॉक्टरनं सांगितलंय. तूप गेलं तर सगळं वाया."

ओसरीवर गल्लीतल्या बाया तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले. सुपातला तांदळाचा आवाज बंद पडला, तेव्हा शिवकन्याला कळलं की आता हे गावभर जाणार.

तोवर गावानं तिला फार मान दिला होता. आई गेली त्या रात्रीपासून लेकीनं अन्न सोडलं, ही गोष्ट शेजारच्या आळीपर्यंत गेली होती. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही म्हणून शेजारणी पिठलं-भाकरी आणून देत. बालाजी, तिचा धाकटा भाऊ, जेवायचा. त्याची बायको पुनम जेवायची. शिवकन्या मागच्या अंगणात तीन दगडांवर पातेलं ठेवून मुगाची डाळ शिजवायची, आईच्या जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्यातून गाळायची आणि ते पाणी प्यायची. भेटायला येणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून म्हणायच्या, "लेक असावी तर अशी. पोरगं जेवून राहिलं, लेकीच्या घशाखाली घास उतरंना." ती काही बोलायची नाही. सांगायचं म्हटलं तर किती सांगावं लागलं असतं.

हिंगोली डेपोत ती पंधरा वर्षं कंडक्टर होती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी नवऱ्यानं तिला माहेरी आणून सोडलं. 'हिला खायला घालण्यात माझं शेत जाईल,' असं तो चार लोकांत म्हणाला आणि ते चार लोक हसले. त्यानंतर तिनं परीक्षा दिली, बिल्ला मिळवला आणि हिंगोलीत खोली घेतली. आधी ती भरल्या गाडीत मागच्या सीटपर्यंत तिकिटं फाडत जायची. मग हळूहळू दोन सीटांमधून जाणं अवघड होत गेलं. कुणी म्हणायचं, "मॅडम, तुमी बसा, आमीच येतो तुमच्याकडं." कुणी मागून म्हणायचं, "कंडक्टरचं तिकीट फुल्ल का डबल?" ड्रायव्हर धम्मानंद अशा वेळी गाडी बाजूला घ्यायचा, इंजिन बंद करायचा आणि आरशात बघत नुसता बसून राहायचा. हसणं थांबलं की पुन्हा चावी फिरवायचा. त्यानं याबद्दल तिच्याशी कधी एक शब्द काढला नाही. मागच्या वर्षी गुडघे गेले आणि तिला स्टँडवर पास काढायच्या खिडकीत बसवलं. मग रात्री झोपेत श्वास अडकायला लागला. दचकून, गुदमरून ती उठायची. गावात आईलाही तोच त्रास होता.

आई त्यातूनच गेली. पहाटे पुनम चहा घेऊन गेली तर आई कुशीवर झोपलेली होती, तोंड उघडं, पाय थंड.

आईचं, कौसाबाईंचं वजन हा गावाचा विषय होता. त्या बसल्या तर खाट कशी करकरली, त्या जीपमध्ये चढल्या तर जीप कशी कलली, हे लोक त्यांच्या तोंडावर बोलायचे आणि त्याही हसायच्या. ते वजन आलं कुठून, हे मात्र कुणी विचारलं नाही. शिवकन्यानं लहानपणापासून पाहिलं होतं. घरात पंधरा माणसं, सोंगणीला, पीक कापायला, वरून दहा मजूर. सगळ्यांना वाढून झालं की आई शेवटी बसायची. तिच्या ताटात ताजं कधी नसायचं. पोरांनी टाकलेली अर्धी भाकरी, कढईच्या बुडाला धरलेली भाजी, माणिककाकांनी बाजूला सारलेला तुपाचा भात, हे सगळं आई खायची. अन्न फेकायचं नाही, कुत्र्याला घालायचं नाही, एवढं एकच तिला पक्कं शिकवलेलं होतं. चाळीस वर्षं त्या घरानं जे उष्टं टाकलं ते आईच्या अंगावर चढलं, आणि मग तेच घर तिला हसलं.

आणि शेवटी त्या घरानं तिला खांदा दिला नाही.

हे आठवलं की शिवकन्याला बसल्या जागी घाम यायचा. तिरडी बांधून झाली होती. आईला आंघोळ घातली होती, नवं लुगडं नेसवलं होतं. माणिककाका, म्हणजे वडिलांच्या पाठचे भाऊ, घरात आता तेच मोठे. त्यांनी तिरडीकडं पाहिलं, पोरांकडं पाहिलं आणि म्हणाले, "ह्या बांबूंनी निभायचं न्हाई गड्यांनो. वहिनी जाता जाता बी घाम काढती का काय!" दोघं-तिघं तोंड फिरवून हसले. मग कुणीतरी म्हणालं, ट्रॅक्टर आहे ना दारात. बालाजी खाली मान घालून उभा होता. त्यानं मान वर न करता ती होकारार्थी हलवली.

सोयाबीनची पोती वाहणाऱ्या ट्रॉलीत आईला ठेवलं. गावात कुणाच्या म्हाताऱ्या बैलालाही लोक चालत पोचवायला गेले असतील, आईला ट्रॉलीतून नेलं. मसणवटा डांबरी रस्त्याच्या कडेला, ओढ्याच्या अलीकडे, हाकेच्या अंतरावर. शिवकन्या ट्रॉलीच्या मागे निघाली होती. बायकांनी जायचं नसतं, असं कुणीतरी म्हणालं, तिनं ऐकलं नाही. पण शाळेच्या भिंतीपाशी तिचा दम संपला. ती भिंतीला टेकली, आणि ट्रॉलीच्या मागच्या फळीवरून आईचं पाऊल हिसक्याहिसक्यानं हलताना दिसत राहिलं. मग वळणावर ते दिसेनासं झालं.

नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिला चित्र काढून समजावलं होतं. पोटापर्यंत पोचायचं तर वरचं लिव्हर उचलून धरावं लागतं. त्यात चरबी साठली असेल तर ते उचलत नाही, उचलायला गेलं तर फाटतं. दोन आठवडे खाणं पूर्ण बंद ठेवलं, नुसतं पातळ घेतलं, की ते आकसतं. "ऑपरेशन टेबलवर मला दिसतं कुणी पाळलंय आणि कुणी नाही," ते म्हणाले होते. "नाही पाळलं तर मी तसेच टाके घालून परत पाठवतो." ते दुसऱ्या शहरातून कधीमधी येत. ही तारीख गेली तर पुढची कधी, ते कुणी सांगत नव्हतं. आणि पुढच्या तारखेपर्यंत आपला श्वास रोज रात्री परत येईलच, याची शिवकन्याला आता खात्री नव्हती.

आईला हे सगळं माहीत होतं. फक्त आईलाच. दवाखान्यात सोबत तीच येणार होती. तिनं पिशवीसुद्धा भरून ठेवली होती. एक बुटकं पातेलं, झाकणाचा डबा, आणि लुगड्याचं धुऊन-धुऊन मऊ केलेलं फडकं. "दवाखान्यातलं गाळलेलं मला पटायचं न्हाई," ती फोनवर म्हणाली होती. "मी गाळीन. एक कण जायचा न्हाई." त्या पिशवीकडं पाहून शिवकन्याला आईचाही राग यायचा. सगळी तयारी केलीस, आणि थांबली नाहीस.

तिनं कढण मोरीत ओतलं त्याच संध्याकाळी बातमी पोचायची तिथं पोचली. माणिकराव काठी टेकत आले, ओसरीवर बसले, तंबाखू मळू लागले.

"शिवकन्ये, मी काय ऐकून राहिलो?"

"खरं आहे, काका."

"म्हंजे तू मायसाठी न्हाई, बारीक व्हायसाठी उपाशी बसलीस?"

"जगायसाठी."

"लोक काय म्हणतेत माहीत हाय का तुला? माय जळाली अन् लेक फिगर करून राहिली म्हणतेत." त्यांनी तंबाखू तोंडात टाकली. "आता ह्या वयात बारीक होऊन कोन्या नवरदेवापुढं उभं राहायचंय बाई तुला?"

आतून पुनमचं फिस्सकन हसणं ऐकू आलं आणि लगेच दाबलं गेलं. बालाजी दारात उभा होता. तो पायाच्या अंगठ्यानं उंबऱ्यावरची माती उकरत राहिला.

"तारीख पुढं ढकल," माणिकराव म्हणाले. "तेराव्याला गोड घास घ्यावाच लागतो. माय गेलेल्या लेकरांनी तोंड गोड केल्याबिगर पंगत हात लावत न्हाई. हे आपल्या घरात आजपस्तोर मोडलं न्हाई."

"काका, मोडायचं ते मोडलंय," ती म्हणाली.

त्यांना ते कळलं नाही, किंवा कळूनही त्यांनी थुंकायला मान वळवली.

त्या दिवसापासून तिनं पातेलं नजरेआड होऊ दिलं नाही. डाळ स्वतः धुवायची, स्वतः शिजवायची, गाळताना फडक्याची चारी टोकं मुठीत धरायची. पुनम जाता-येता म्हणायची, "आक्का, आमी काय इख घालतो का?" भेटायला येणाऱ्या बाया आता तिच्यापाशी बसत नव्हत्या. पार्वतीबाई तिच्याशी बोलत नव्हत्या, पण सरपण मात्र तीन दगडांपाशी आणून टाकत होत्या. भूक अशी लागायची की रात्री तिला बसमध्ये विकायला येणाऱ्या फुटाण्यांचा वास यायचा. तेव्हा ती आईची पिशवी उशाला घ्यायची.

तेराव्याला दारापुढं मांडव घातला. सेनगावहून आचारी आला होता. सकाळपासून बुंदी पडत होती, तिचा गोड तुपकट वास घरात, कपड्यांत, केसांत बसला. पाहुण्यांनी आहेर केले, बालाजीला टोपी-उपरणं घातलं, शिवकन्याच्या मांडीवर साड्या पडल्या. मग पंगत बसली. आधी घरच्यांची पानं. बालाजीच्या पत्रावळीवर बुंदी वाढली. मामांकडच्या माणसानं घास त्याच्या तोंडाशी नेला. बालाजीनं डोळे मिटून तो घेतला.

लेकीला घास द्यायचा मान मावशीचा. पार्वतीबाई चिमूटभर बुंदी घेऊन पुढं आल्या.

"नको, मावशी."

"एक दाणा घे माय. एकच दाणा."

"एक दाणा पण नको."

पंगतीतले हात पत्रावळीवर अधांतरी थांबलेले. वरणावरची वाफ विरत चालली. मांडवाच्या टोकाला बसलेलं कुणीतरी म्हणालं, "घ्या की हो बाई, लेकरं भुकेली हायेत." दुसरं कुणी म्हणालं, "एवढ्या देहाला एक दाणा कुठं लागायचा!" आणि तीच ती हसण्याची लाट आली. खांद्यांवरून, पडलेल्या पापण्यांखालून, तोंड फिरवून आलेली. तिरडीपाशी आली होती तशीच.

माणिकराव मधल्या पानावर बसले होते. "शिवकन्ये, समदा गाव खोळंबलाय. दाणा तोंडात टाक अन् मोकळी हो. तुझ्या मायच्या नावाचा हाय."

शिवकन्या उभी राहिली. यावेळी तिनं भिंत धरली नाही.

"काका, मसणवटा किती लांब आहे हो इथून?"

"आता ते काय मधीच?"

"सांगा ना. सगळ्यांना माहीत आहे. शाळा, मारुतीचा पार, ओढा. म्हातारी माणसं सकाळी फिरायला जातात तेवढं. माझ्या मायला तिथवर न्यायला गावात चार खांदे मिळाले नाहीत?"

माणिकराव पत्रावळीची कड चाचपू लागले.

"चार नाही पुरले तर सहा लावायचे होते. आठ लावायचे. दहा पावलांवर बदलायचे. इथं आत्ता किती बसलेत बघा. ह्या मांडवात एक माणूस मला दाखवा ज्यानं तिच्या हातचं खाल्लं नाही. तुमचं उष्टं खाऊन ती फुगली काका, आणि तुम्हीच तिला पोत्यासारखी ट्रॉलीत टाकली. वर हसलात." तिला दम लागला. तिनं तो लागू दिला, मग पुढं बोलली. "मला ट्रॉलीत जायचं नाही. म्हणून मी हे पाणी पितेय. लग्नासाठी नाही. फिगरसाठी नाही. मला मरेन तेव्हा माणसांच्या खांद्यावरून जायचंय. आणि आत्ता तर मरायचंच नाहीये. कळलं का?"

पार्वतीबाईंच्या चिमटीतली बुंदी त्यांच्याच पायावर सांडली. बालाजीच्या तोंडात घास तसाच होता. गाल फुगलेला. त्याला तो गिळताही येईना, थुंकताही येईना.

माणिकरावांनी सगळ्यांकडं एकदा पाहिलं. मग घसा खाकरला.

"जेवा, जेवा. वाढा रे भाजी," ते म्हणाले, आणि समोरच्या बुंदीत पहिला हात त्यांनीच घातला.

सगळे जेवायला लागले. एकदम, भराभर. जो घास घेतल्याशिवाय या घरात पान हलत नव्हतं, त्याची आठवण कुणालाच राहिली नाही. शिवकन्या ते पाहत उभी राहिली. एवढं सोपं होतं तर.

उन्हं कलल्यावर ती निघाली. रस्त्यावरून हिंगोलीची गाडी धरायची, रात्री खोलीवर थांबून सकाळी नांदेड. पुनमनं दारातूनच "या" म्हटलं. पार्वतीबाई मागच्या अंगणातून आल्या, तिच्या हातात झाकणाचा डबा दिला. गरम होता.

"फडक्यातून दोनदा गाळलं," त्या दुसरीकडं बघत म्हणाल्या. "तूप न्हाई टाकलं. चाखून बघ पाहिजे तर."

शिवकन्यानं झाकण काढलं, घोट घेतला. नुसतं हळद-मीठ, मुगाचा कच्चा वास. तिनं झाकण घट्ट लावलं आणि डबा आईच्या पिशवीत ठेवला. मावशीच्या हातावर क्षणभर हात ठेवला, एवढंच.

"आक्का, ट्रॅक्टर काढू का?" बालाजीनं विचारलं, आणि विचारून झाल्यावर त्याचा चेहरा उतरला.

"नको. मी चालत जाते."

ती चालू लागली. तो मागून आला आणि तिच्या हातातून पिशवी घेतली. शाळेच्या भिंतीपाशी ती थांबली. तिथंच तिचा दम गेला होता त्या दिवशी. आजही लागला, पण ती भिंतीला टेकली नाही. श्वास खाली येईपर्यंत उभी राहिली आणि पुढं निघाली.

"आक्का, त्या दिशी मी..."

"बोलू नको. चाल."

पार गेला. वळण गेलं. मसणवट्यातली राख कधीच ओढ्यात सोडली होती. काळवंडलेली जमीन तेवढी उरली होती आणि तिच्यावर कुणाची तरी शेळी चरत होती. शिवकन्या कडेला उभी राहिली. खरंच लांब नव्हतं. तिच्यासारख्या बाईलाही एकदाच थांबून पोचता आलं होतं.

तिला नमस्कार करावा असं वाटलं नाही. ती फक्त बघत राहिली, शेळी पुढं सरकेपर्यंत.

मागं वळली तेव्हा बालाजी जरा अंतरावर थांबलेला होता. पिशवी त्यानं हातात धरलेली नव्हती, खांद्यावर घेतली होती. पातेलं, डबा आणि एक फडकं, त्यात वजन ते काय. तरी तिच्या देखत तो थांबला, पिशवी दोन्ही हातांनी उचलली आणि सावकाश, जपून, दुसऱ्या खांद्यावर घेतली.

रस्त्यावर गाडी आली. हात करायच्या आधीच थांबली. धम्मानंद स्टिअरिंगवरून वाकून म्हणाला, "या मॅडम. सावकाश या, मला कुठं विमान पकडायचंय!" दाराची पायरी उंच होती. तिनं दांडा धरला, एक पाय वर ठेवला, थांबली, दुसरा ओढून घेतला. गाडीतलं कुणी काहीतरी बोललं. धम्मानंदनं इंजिन बंद केलं. गाडीत शांतता झाली.

बालाजीनं खालून पिशवी वर दिली. ती तिनं मांडीवर घेतली, आतला डबा अजून कोमट लागत होता. मग कंडक्टरनं दोरी ओढली, दोनदा घंटी वाजली.

खिडकीतून तिनं मागं पाहिलं. बालाजी रस्त्यावर तसाच उभा होता. हात रिकामे झाले होते, पण एक खांदा अजून किंचित वाकलेला होता.